परदेशी विद्यार्थिजीवन आणि आपले वाङ्मय

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत आणि त्यांत ब्राह्मी लिपीतील अनेक दानलेख आहेत. त्यांपैकी तीन लेख यवनांचे आहेत, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. सामान्य वाचकाच्या ती सहसा कानावर येत नाही. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या; चित नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला; चंद्र नावाच्या यवनाने गर्भद्वाराचे दान केले. यवन म्हणजे नेमके कोण, याचा ऊहापोह पंडितांनी पुष्कळ केला आहे. ते मुळात पश्चिमेकडून आलेले परकीय, एवढे आपल्या कामापुरते पुरे आहे. पाणी, अन्न आणि दार! परक्या मुलखात पाऊल टाकणाऱ्यास पहिल्या दिवशी ज्या तीन गोष्टींची चिंता पडते, त्याच तीन गोष्टी ही माणसे येथे स्थिरावल्यावर इतरांसाठी ठेवून गेली. त्यांतील एकाचे नाव तर ‘चंद्र’ असे आपल्याच मातीतले झालेले दिसते. परंतु ते येथे कसे रुळले, येथले अन्न त्यांना किती दिवसांनी गोड लागले, कोणी त्यांना हसले काय, याविषयी त्यांनी एक अक्षरही मागे ठेवले नाही.

या जुन्या लेखांची आठवण होण्याचे कारण अगदी आजचे आहे. मी मूळचा आंबेगाव तालुक्यातला, आणि याच भागातील एका महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. मी नोकरीस लागलो तेव्हा पुण्यास शिकावयास जाणारा विद्यार्थी दूर गेला असे आम्ही समजत असू. आता नारायणगावाकडील द्राक्षबागाईतदाराचा मुलगा जर्मनीस जातो, मंचरच्या शिक्षकाची मुलगी आयर्लंडला जाते, आणि निघण्यापूर्वी निरोप घेण्यास येऊन विचारते, “सर, जाण्याआधी काही वाचून जावे काय?” प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर मी वर्षानुवर्षे फार सैलपणाने देत आलो. एखादे गाजलेले प्रवासवर्णन हाती द्यावे, पाठीवर हात ठेवावा आणि शुभेच्छा द्याव्यात, एवढ्यावर माझे कर्तव्य आटोपत असे.

दोन वर्षांपूर्वी असाच जर्मनीस गेलेल्या एका विद्यार्थ्याचे दीर्घ पत्र आले आणि माझा हा सैलपणा मला जाणवला. तो चार जणांच्या सामाईक घरात राहतो. स्वयंपाकघरातील शीतकपाटात चार खण आणि प्रत्येक खणावर एकेकाचे नाव. पहिल्याच रविवारी त्याने चौघांसाठी पिठले-भात केला. सर्वांनी आभार मानून तो खाल्ला, आणि सोमवारी जो तो पुन्हा आपापले ताट घेऊन बसला. आपल्याकडे समोर माणूस असता त्याला न विचारता घास घेणे हे असंस्कृतपणाचे लक्षण. त्याने मनाला लावून घेतले आणि तो स्वतःच्या खोलीत दार लावून जेवू लागला. पुढे थंडीत त्याला ताप आला. दोन दिवसांनी दार उघडतो, तो उंबऱ्याशी औषधाची पाकिटे, सूपाचे भांडे आणि एक चिठ्ठी. शेजाऱ्याने दार वाजविलेही नव्हते, कारण आजारी माणसाची झोप मोडू नये असा तिकडचा रिवाज. “सर,” त्याने लिहिले होते, “ही माणसे विचारीत नाहीत असे मी पाच महिने समजत होतो. त्यांची विचारण्याची रीत वेगळी होती. तुम्ही दिलेल्या पुस्तकात सगळा युरोप होता; हा फ्रिजचा खण मात्र नव्हता.”

हा आक्षेप एका पुस्तकावर नव्हता, तो आपल्या वाङ्मयातील एका मोठ्या उणिवेवर होता. परदेशगमनाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे; परदेशी राहून शिकणाऱ्याच्या रोजच्या दिवसाविषयी फार थोडे. प्रवासी आणि विद्यार्थी यांच्यात मोठा भेद आहे. प्रवाशाची गैरसोय आठ दिवसांत संपते आणि मग ती सांगण्याजोगी गंमत होते. विद्यार्थ्याला त्याच गैरसोयीबरोबर रोज सकाळी उठावे लागते, तिच्यासह अभ्यास करावा लागतो, परीक्षेस बसावे लागते. म्हणून त्याच्या लेखनाला लावावयाची कसोटीही निराळी पाहिजे. त्याने काय पाहिले हे विचारण्यापेक्षा त्याने काय सोडले, काय धरून ठेवले, आणि सोडता-धरताना धर्म कोणता व नुसती सवय कोणती हे त्याला कसे उमगले, हे विचारले पाहिजे. माझ्या मते परदेशी रुळणे म्हणजे हा विवेक होय. या कसोटीवर आपल्याकडील काही प्रसिद्ध चरित्रे व लेख तपासून पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ अर्थातच डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यापासून केला पाहिजे. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोचल्या. वय अवघे अठरा वर्षांचे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ च्या मार्चमध्ये त्यांनी पदवी घेतली, त्याच वर्षाअखेर त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागाची नेमणूक त्यांची वाट पाहत राहिली. ही कथा आपल्या घरोघर ठाऊक आहे. परंतु ती आपण ज्या रीतीने सांगतो तीत एक दोष आहे. आपण तिच्यातील निश्चय सांगतो आणि मृत्यू सांगतो. या दोहोंमधली तीन वर्षे गाळतो.

ती तीन वर्षे काशीबाई कानिटकरांनी गाळली नाहीत. आनंदीबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १८८९ साली, त्यांनी आनंदीबाईंच्या पत्रांचा आधार घेऊन जे चरित्र लिहिले, त्याची थोरवी या एका गोष्टीत आहे की, एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीच्या दिवसाकडे पाहिले. लुगड्याची गोष्ट घ्या. नऊवारी नेसल्याने पोटऱ्या उघड्या राहत; तिकडच्या हिमात ते सोसणे कठीण, आणि तिकडच्या दृष्टीला ते सभ्यही वाटत नसे. तेव्हा आनंदीबाईंनी पायघोळ अशी गुजराती पद्धतीची साडी नेसण्यास प्रारंभ केला. झगा त्यांनी अंगावर चढविला नाही. लुगडे त्यांनी सोडले नाही. नेसण्याची तऱ्हा बदलली. वस्त्र आपले राहावे आणि शरीरही जगावे, असा हा निर्णय आहे. तो एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने, पतीचे पत्र यावयास आठवडेच्या आठवडे लागत असता, आणि त्या पत्रांतून कधी कधी कठोर शब्द वाट्यास येत असता, स्वतःच्या बुद्धीने घेतला. मला हा प्रसंग त्यांच्या पदवीदानाइतकाच मोलाचा वाटतो.

मात्र सर्वच गोष्टी इतक्या हाती नव्हत्या. फिलाडेल्फियात त्यांना मिळालेल्या खोलीतील आगोटी नीट चालत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवली तर गारठा. यातून ज्याने त्याने निवडावे! त्यात शाकाहाराचे बंधन, अभ्यास सांभाळून हाताने करावयाचा स्वयंपाक आणि अवघड विषयांची परीक्षा. त्यांच्या क्षयाचे कारण एका खोलीवर लादणे शास्त्रास धरून होणार नाही, आणि मी तसे म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, धुराची तक्रार करून दुसरी खोली मागणे हीसुद्धा परदेशी विद्यार्थ्याने शिकावयाची एक विद्या आहे. आणि आपली संस्कृती मुलींना, विशेषतः सोशिकपणाबद्दल वाखाणल्या गेलेल्या मुलींना, ती विद्या शिकवीत नाही. सोसणे हा सद्गुण म्हणून शिदोरीत बांधून दिला की तो कोठे थांबवावा हे सांगावयाचे राहून जाते.

पुढे १९६८ साली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती रंगभूमीवर आली, २०१९ साली तिच्या विषयावर चित्रपटही निघाला. कादंबरी म्हणून तिची पकड विलक्षण आहे. परंतु तिच्या नावातच सांगितल्याप्रमाणे तिचे मन त्या पतिपत्नींच्या नात्यात गुंतलेले आहे. वाचक ती मिटतो तेव्हा गोपाळरावांविषयी त्याच्या मनात राग आणि आदर यांचे द्वंद्व चाललेले असते. फिलाडेल्फियातील ती खोली त्याला अंधुकच आठवते. कादंबरीकाराचा हा अपराध म्हणता येत नाही. मात्र लोकांच्या मनातील आनंदीबाई आता मुख्यत्वे या कादंबरीतून घडतात आणि काशीबाईंचे चरित्र ग्रंथालयात धूळ खाते, ही आपल्या वाचनाची उणीव मानली पाहिजे.

आनंदीबाईंस दार उघडून देणारी व्यक्ती म्हणजे रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मराठी मुलीने परदेशात पाय रोवताना प्रथम काय केले, तर एका परक्या बाईला नात्यात ओढून घेतले. आणि त्या बाईनेही ते नाते शेवटपर्यंत निभावले. आनंदीबाईंच्या अस्थी आज न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी येथे कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत आहेत. ‘मावशी’ हा शब्द किती दूरवर आसरा देऊ शकतो, याचे यापरते उदाहरण मला ठाऊक नाही.

आनंदीबाईंचे जहाज निघाले त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप पुस्तक त्याच वर्षी मुंबईत छापले गेले. सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेल्या या पत्रात पाहण्याची भूक आणि तुलना करणारी बुद्धी यांचा सुरेख मेळ आहे. तथापि रमाबाईंच्या रोजच्या दिवसाचा ठाव या पुस्तकात पुरता लागत नाही. तो वाँटेजच्या मठातील भगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात लागतो. हा पत्रव्यवहार इंग्रजीत असून १९७७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रमाबाईंनी १८८३ च्या सप्टेंबरात ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, पण शाकाहार सोडला नाही. अंडे घातलेले पक्वान्नही त्या नाकारीत, आणि हा जुन्या जातीचा अहंकार होय असे मठातील गुरुभगिनीस वाटे. रमाबाईंचे उत्तर असे की, पूर्वजांच्या ज्या चाली मला पाळता येतील त्या मी पाळीन. विद्यार्थ्यांपुढे हे उदाहरण ठेवले की ते चकित होतात. धर्म बदलला आणि ताट बदलले नाही! आपण समजतो की अन्नाचा प्रश्न धर्माचा आहे. रमाबाई दाखवून देतात की तो स्वत्वाचाही असू शकतो. स्वतःच्या ताटात काय असावे हे दुसऱ्याने ठरवू नये, एवढाच त्यातला आग्रह. आणि हा आग्रह किती महाग पडू शकतो, परक्या ठिकाणचा एकांत किती भयंकर असू शकतो, हेही त्याच वाँटेजने पाहिले. रमाबाईंबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे त्याच वर्षी आपल्या हाताने जीवनाचा अंत करून घेतला. परदेशगमनाच्या आपल्या गौरवकथांत हे नाव क्वचितच येते. ते यावयास हवे, कारण निरोप देणाऱ्यांनी ते लक्षात ठेवले तर पुढच्यांची विचारपूस ते अधिक काळजीने करतील.

आता दाराकडे वळू. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले; तेथे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते वसतिगृहात राहिले; पुढे लंडनलाही शिकले; आणि १९१७ साली करारानुसार बडोद्यास नोकरीसाठी परतले. परदेशातील राहणीने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असे त्यांनी आपल्या आठवणींच्या इंग्रजी टिपणांत नमूद केले आहे. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ती परत आली. राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने ते राहिले; ते उघडकीस येताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. दुसरे कोणतेही दार उघडले नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत अमेरिकेत व इंग्लंडात शिकून आलेला हा विद्वान कामाठी बागेत बसून राहिला.

परदेशी विद्यार्थिजीवनाविषयीच्या साऱ्या लेखनात या टिपणाइतके कठोर सत्य मी दुसरीकडे वाचलेले नाही. आपण नेहमी गृहीत धरतो की घर म्हणजे रुळलेली जागा आणि परदेश म्हणजे परकी. आंबेडकरांच्या बाबतीत उलट घडले. परक्या शहरात त्यांना टेबल, पलंग आणि मित्राची सोबत मिळाली; ज्या देशाला आपण त्यांचे घर म्हणतो त्याने उंबरा नाकारला. परदेशी विद्यार्थ्याच्या ‘घरच्या आठवणी’ लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे टिपण आधी वाचावे. आठवण येण्यासारखे घर असणे हेसुद्धा सर्वांच्या वाट्यास आलेले भाग्य नव्हे.

त्यानंतर एकाच वर्षाने, १९१८ साली, पार्वतीबाई आठवले अमेरिकेस गेल्या. हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार निधी गोळा करणारी ही विधवा स्त्री पन्नाशीच्या उंबरठ्यावर इंग्रजी शिकावयास समुद्रापार निघाली, आणि तेथे लोकांच्या घरी काम करून तिने आपला चरितार्थ चालविला. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात अलंकार नाहीत, विद्वत्ता नाही. जे झाले ते झाले असे सांगण्याची सरळ रीत आहे. आमच्या वर्गात या पुस्तकावर बोलताना एका विद्यार्थिनीने जे म्हटले ते मी विसरलो नाही. ती म्हणाली, “सर, आपल्याकडे विधवेने तेच काम घरात फुकट केले असते, तिकडे त्याचे पैसे मिळाले.” परदेशात अंगमेहनतीचे काम करावे लागले म्हणून ज्यांना आज लाज वाटते, आणि रात्री उपाहारगृहात भांडी विसळल्याचे जे घरी कळवीत नाहीत, त्यांना ‘माझी कहाणी’ फार मोठा धीर देईल. दुर्दैवाने त्यांना हे पुस्तक असल्याचेच ठाऊक नसते.

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला या विषयाचे जे पुस्तक ठाऊक असते ते ‘अपूर्वाई’. पु. ल. देशपांडे १९५८ साली बी. बी. सी. कडे दूरचित्रवाणीचे शिक्षण घेण्यास गेले होते, म्हणजे तेही एका अर्थी विद्यार्थीच. १९६० साली हे पुस्तक निघाले आणि मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या मनातील विलायतेची धास्ती त्याने हसत हसत दूर केली. हा उपकार लहान नव्हे. परंतु विद्यार्थ्याच्या हाती ते एकमेव मार्गदर्शक म्हणून देण्यात माझी चूक होती. ते लिहिणारा गृहस्थ चाळिशीकडे झुकलेला, नाव मिळविलेला आणि सपत्नीक होता. परत गेल्यावर आपली वाट पाहणारे प्रेक्षक आहेत हे त्याला ठाऊक होते. त्याचा विनोद सुरक्षित माणसाचा विनोद आहे, आणि तो उत्तम आहे. वीस वर्षांच्या मुलाला मात्र या पुस्तकावरून असे वाटू लागते की, आपल्याला हसू येत नसेल तर दोष आपलाच. त्याहून वाईट गोष्ट अनुकरण करणाऱ्यांनी केली. त्यांनी पु. लं. ची थट्टा उचलली आणि तीमागचा जिव्हाळा तेथेच ठेवला. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या फिक्या जेवणावर चार कोट्या आणि शेवटी आपल्या वरणभाताचा जयजयकार, असा एक साचाच आपल्याकडे तयार झाला. माझ्या विद्यार्थ्याचे शेजारी या साच्यात कधीच मावले नसते. औषधाची पाकिटे उंबऱ्यावर ठेवून निघून जाणारा माणूस कोटीत बसत नाही.

येथवर परदेशी गेलेल्यांचे झाले. आता परतलेल्यांविषयी, आणि त्यासाठी पुन्हा जुन्नरला येऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी अकराव्या वर्षी, १९१८ साली, वडिलांबरोबर अमेरिकेस गेले. तेथील शाळांत वाढले. १९२९ साली हार्वर्डची पदवी अत्युच्च सन्मानाने मिळवून परतले. गणिती म्हणून त्यांची कीर्ती आहेच. परंतु पुढील आयुष्यात हा मनुष्य पायी हिंडत सह्याद्रीच्या घाटवाटा, देवीची ठाणी आणि लेणी धुंडाळू लागला. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगराचे नाव आणि तेथील प्राचीन शिलालेखातील नाव यांचा सांधा त्यांनी जोडला. लेणी जेथे आहेत तेथे त्याआधीच लोकांच्या देवता आणि वाटांचे संगम होते, हे त्यांनी दाखवून दिले. हे संशोधन त्यांच्या १९६२ सालच्या इंग्रजी ग्रंथात आहे. मला त्यात एका परदेशी विद्यार्थ्याच्या रुळण्याचे सार्थक दिसते. आम्ही जुन्नरची माणसे ज्या शेंदरी दगडाला नमस्कार करून पुढे जात होतो, तो येथे का आहे असे या माणसाने थांबून विचारले. आपल्याच गावाला असा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांना परक्या गावात वाढल्यामुळे आले असावे, असे माझे अनुमान आहे. खेद एवढाच की हे सारे त्यांनी इंग्रजीत लिहिले, आणि ज्या वाड्यावस्त्यांविषयी लिहिले त्यांपर्यंत ते क्वचितच पोचले.

आता एक आक्षेप मीच स्वतःवर घेतो. वरील नावांपैकी एक आंबेडकर सोडले तर बहुतेक सारी मंडळी पांढरपेशा वर्गातली. आमच्या भागातला विद्यार्थी यांच्याहून वेगळ्या ठिकाणाहून निघतो. आंबेगाव तालुक्यास ज्या गावाने नाव दिले ते मूळ आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. पश्चिमेकडील खोऱ्यांतल्या महादेव कोळी व ठाकर कुटुंबांतील मुले आश्रमशाळेत आणि मग घोडेगावच्या वसतिगृहात येतात, तेव्हाच त्यांचा पहिला परदेश सुरू होतो. तेथे त्यांच्या बोलीला हसतात. तेथे ताटात घरची भाकरी नसते. तेथे दिवसाची घंटा दुसऱ्याच्या हाती असते. दहाव्या-बाराव्या वर्षी हे ज्याने निभावले, त्याला डब्लिनची किंवा बर्लिनची फार भीती वाटू नये. आदिवासी विकास विभागाची परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे, आणि तिच्या बळावर या खोऱ्यांतील मुले समुद्रापलीकडे जाऊ शकतात. रुळण्याची विद्या त्यांना शहरी मुलांपेक्षा अधिक येते. पण ती विद्या आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, आणि तिचे पुस्तकही कोणी लिहिलेले नाही.

येथे आजच्या काळाची एक अडचण सांगितली पाहिजे. आनंदीबाईंची पत्रे होती म्हणून काशीबाईंना चरित्र लिहिता आले. माझा विद्यार्थी रोज रात्री मोबाईलवर आईशी बोलतो. ती इकडे चुलीवर काय करते आहे हे तो पाहतो, तो तिकडे विजेच्या शेगडीवर मासवडी कशी फसवतो आहे हे ती पाहते, आणि दोघे हसतात. (मासवडी हा आमच्याकडचा खास पदार्थ, नावात मासा असून तो पूर्ण शाकाहारी कसा, हे शेजाऱ्यांस समजाविण्यात त्याची एक संध्याकाळ गेली.) ही सोय थोर आहे, आनंदीबाईंस ती मिळाली असती तर त्यांचा एकांत कितीतरी हलका झाला असता. परंतु या बोलण्यातले काहीच उरत नाही. शिवाय रोज दिसणाऱ्या आईला मुलगा तापाची गोष्ट सांगत नाही. पत्र लिहावयास बसलेला माणूस कधी तरी खरे लिहून जातो. त्याच्या तापाची हकीकत मला पत्रातून कळली; त्याच्या आईला ती अद्याप ठाऊक नाही.

म्हणून निरोप घेण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी अलीकडे वेगळे उत्तर देतो. काशीबाईंचे आनंदीबाईंवरील चरित्र वाच, पार्वतीबाईंची कहाणी वाच, आंबेडकरांचे टिपण वाच; मग ‘अपूर्वाई’ अवश्य वाच, म्हणजे तिचा आनंद पुरता मिळेल. आणि गेल्यावर आठवड्यातून एकदा एक पान लिही. मनोरे आणि पूल यांचे वर्णन नको. ते चित्रांत आहे. पाण्याचे लिही: नळाचे पाणी पहिल्यांदा न उकळता प्यालास तेव्हा मनात काय आले. अन्नाचे लिही: कोणाबरोबर जेवलास, कोणी विचारले, कोणी नाही. दाराचे लिही: कोणते उघडले, कोणते तू स्वतःच लावून घेतलेस. काय सोडलेस आणि काय धरून ठेवलेस तेही लिही, आणि त्याचे कारण प्रामाणिकपणे शोध. अशी दहा मुलांची पाने एकत्र झाली तर मराठीत जे पुस्तक नाही ते आपोआप तयार होईल, आणि त्याचा लेखक पुण्या-मुंबईचाच असला पाहिजे असे नाही.

नारायणगावाजवळ खोडद येथे आज प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांसाठी जगभरचे संशोधक या भागात येतात. म्हणजे जुन्नरला परकीयांचे येणे अद्याप थांबलेले नाही, आणि जुन्नरचे जाणे आता सुरू झाले आहे. त्या जर्मनीतील विद्यार्थ्याचे अलीकडेच पुन्हा पत्र आले. पुढच्या सत्रात ओतूरकडचा एक मुलगा त्याच शहरात येत आहे. त्याची राहण्याची व्यवस्था होईपर्यंत पहिला आठवडा आपल्या खोलीत काढण्यास त्याने त्याला सांगितले आहे, आणि शीतकपाटातील आपल्या खणाचा अर्धा भाग मोकळा करून ठेवला आहे. मी त्यास उत्तरी कळविले की, फार चांगले केलेस; आता हे सारे लिहून काढ. यवनांनी दान दिले आणि लिहिले तेवढेच. तू थोडे अधिक लिही.